गोलकीपर पुढं येत नसतो

विश्वासराव जगदाळे यांना ‘कोच’ म्हणायचं असं आमच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कुणी ठरवलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. जनरल मॅनेजर म्हणून रुजू झाले त्या पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना दोन नव्या ट्रॅक्टरच्या मधोमध गोल उभं केलं, गळ्यातली शिट्टी ओठांना लावली आणि बंद हॉलमध्ये अशी काही फुंकली की दारावरचा धोंडिबा काठी घेऊन आत धावला.

“आजपासून मला साहेब म्हणायचं नाही,” ते म्हणाले. “साहेब नोकरांना असतो. टीमला असतो तो कोच. मला कोच म्हणा.”

आमच्यातले बरेचजण ‘साहेब’ या शब्दाला आयुष्यभर सरावलेले होते. शेवटी तडजोड होऊन ते ‘कोचसाहेब’ झाले. ही तडजोड त्यांना मनापासून आवडली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

कोल्हापुरात फुटबॉल काय चीज आहे हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. इथं माणसाला आधी पेठ विचारतात, मग नाव. मॅचच्या दिवशी सख्खे साडू एकमेकांना ओळख देत नाहीत. अशा गावात कोचसाहेब एका तालमीच्या फुटबॉल संघात खेळले होते, आणि ते हे कुणाला विसरू देत नसत. “मी मैदानावर असताना आमच्यावर एकही गोल झालेला नाही,” हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकानं इतक्यांदा ऐकलं होतं की ते झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

वाक्य खरं होतं. खरेपणाची बाकीची बाजू आम्हाला बाळू मिस्त्रीकडून कळली. बाळू आमच्या वर्कशॉपचा हेड मेकॅनिक, त्याच पेठेतला.

“राखीव होतं की ओ ते,” बाळू म्हणाला. “सगळा सीझन बाकावर. एकदा आमचा फॉरवर्ड पाय मुरगळून पडला, तवा शेवटी शेवटी ह्यास्नी आत घेतलं. मी गॅलरीत होतो. मॅच संपली, पर ह्येंच्याकडं बॉल काय आला न्हाय. पार हिकडनं तिकडं पळालं बिचारं, बॉल काय आला न्हाय.”

कोचसाहेबांचा वेश ठरलेला होता. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीची पॅन्ट, खाली पळायचे बूट. गळ्यात शिट्टी आणि वरच्या खिशात दोन कार्डं, एक पिवळं आणि एक लाल. उशिरा आलेल्याला पिवळं. लाल कार्ड त्यांनी कधी कुणाला दाखवल्याचं मला आठवत नाही, पण दिवसातून एकदा ते खिशातून अर्धं बाहेर काढून परत आत सरकवत. एकदा बिद्रीकडच्या एका शेतकऱ्यानं किमतीवरून फारच घासाघीस चालवली, तेव्हा त्यांनी त्याच्यासमोर पिवळं कार्ड धरलं. त्या गृहस्थानं ते दोन्ही हातांनी आदरानं घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, खिशात घातलं आणि निघून गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला, “साहेबांनी कार्ड दिलंय, पर त्याच्यावर नंबरच छापल्याला न्हाय.”

पहिल्या आठवड्यातच त्यांनी आम्हाला मैदानावरच्या जागा वाटल्या. विक्रीवाले फॉरवर्ड. वर्कशॉपवाले बॅक. मी स्पेअर पार्टच्या काउंटरवर, खिडकीशी बसायचो. माझ्याकडं बघून ते थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, “देशपांडे, तुम्ही लाइन्समन. कडेला राहायचं, नजर ठेवायची.” मला ती जागा एकदम पसंत पडली. या नोकरीत मी पुढं जे काही केलं ते याच धोरणानं केलं.

आणि शोभाताईंना त्यांनी गोलकीपर केलं.

शोभाताई पाटील तक्रारीच्या टेबलावर होत्या. कुणाचा ट्रॅक्टर बंद पडला, कुणाचं सर्व्हिसिंग रखडलं, कुणाचा क्लच महिन्यात परत गेला, की तो माणूस आधी शोभाताईंच्या टेबलासमोर येऊन ओरडायचा. कोल्हापूरचा शेतकरी साधं बोलला तरी परक्याला भांडण वाटतं. हे तर भांडायलाच आलेले असत. बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या, पाणी द्यायच्या आणि मग वर्कशॉपमध्ये जाऊन मिस्त्र्यांना विनवण्या करायच्या. विनवण्याच, कारण हुकूम करायचा अधिकार त्यांना नव्हता. तो होता सर्व्हिस मॅनेजर माने यांना. मान्यांच्या कमरेला वर्कशॉपच्या किल्ल्यांचा जुडगा असायचा, आणि मान्यांचं सगळं लक्ष निवृत्तीकडं लागलेलं असायचं.

“शिव्या माझ्या नावानं आणि किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला,” शोभाताई एकदा मला म्हणाल्या होत्या. “देशपांडे, मला पगार वाढवून नको. मला ती खुर्ची पायजे. एकदा तरी एखाद्या माणसाला ‘थांबा, देते करून’ असं स्वतःच्या जोरावर सांगायचंय.”

सगळं शोरूम धरून चाललं होतं की माने गेले की त्या खुर्चीवर शोभाताई. कोचसाहेब स्वतःच म्हणायचे, “ताई, पुढची कॅप्टन तुम्हीच.” ते हे दर सोमवारी म्हणायचे, आणि ताई दर सोमवारी ते खरं मानायच्या. मला त्याचा राग यायचा, पण लाइन्समननं फक्त झेंडा वर करायचा असतो आणि माझ्याकडं झेंडाही नव्हता.

रोज सकाळी आम्ही गोल करून उभे राहायचो. सगळ्यांनी मध्ये हात घालायचे, एकावर एक. वर्कशॉपची पोरं आदल्या दिवशीचं ग्रीस घेऊनच आलेली असायची. त्यामुळं कोचसाहेबांचा हात नेहमी सगळ्यांत वर असे. मग शिट्टी. मग ते विचारायचे, “कोण जिंकणार?” आणि आम्ही ओरडायचं, “आपण!”

एकदा शोभाताईंनी विचारलं, “पण कोच, आपण खेळतोय कुणाशी?”

कोचसाहेब क्षणभर गडबडले. भाषणात ते पुस्तकासारखं बोलत, आणि पुस्तकात हा प्रश्न नसावा. मग त्यांचा चेहरा उजळला. “स्वतःशी, ताई! आपली स्पर्धा स्वतःशी आहे.”

“मग हरणार बी आपणच की,” ताई म्हणाल्या. बाळूला खोकला आला तो गोल मोडेपर्यंत थांबला नाही.

मग निघाला कॅप्टनचा पट्टा. दर सोमवारी एकाची निवड व्हायची आणि आठवडाभर त्यानं तो दंडावर बांधून काम करायचं. कल्पना वाईट नव्हती. पण पट्टे आणायला गेले तेव्हा दुकानात पिवळा शिल्लक नव्हता, आणि कोचसाहेबांना दम धरवेना. ते काळाच घेऊन आले. पहिला मान विक्रीप्रमुख रणजितला मिळाला. रणजित त्या दिवशी दंडावर काळी पट्टी बांधून शोरूममध्ये उभा, आणि येणारा प्रत्येक माणूस दारातच आवाज खाली घ्यायचा.

“कोण गेलं ओ?” शाहूवाडीचे एक आजोबा मला खिडकीतून विचारू लागले.

“कुणी नाही,” मी म्हणालो. “तो कॅप्टन आहे.”

“असू दे, असू दे,” आजोबा म्हणाले. “कितीबी मोठा असला तरी दुःख ते दुःख.” आणि ट्रॅक्टर बघायचं सोडून, पुन्हा येतो म्हणून गेले. दुपारी मालकांचा घरून घाबरा फोन आला, की काय झालंय, गावात भलतंच ऐकू येतंय. मालक बिचारे बहुतेक वेळ आपल्या उसात असत. दुसऱ्या दिवशी पिवळा पट्टा आला.

तो पट्टा आळीपाळीनं सगळ्यांच्या दंडावर चढला. एकदा माझ्याही. धोंडिबानं तर तो सुटीच्या दिवशी जत्रेला बांधून नेला. शोभाताईंना मात्र तो कधीच मिळाला नाही. “गोलकीपरनं मागं राहून सांभाळायचं असतं,” कोचसाहेब म्हणायचे. गोलकीपर कॅप्टन असलेले दोन संघ त्यांच्याच पेठेत होते, असं बाळूनं सांगितलं. कोचसाहेबांनी त्याला नवं पिवळं कार्ड दाखवलं.

तरी माणूस वाईट नव्हता, हे मला इथंच सांगून टाकू दे, नाहीतर पुढं राहून जाईल. बाळूची आई दवाखान्यात होती तेव्हा कोचसाहेब पूर्ण दिवस तिच्या उशाशी बसून राहिले. जेवलेही नाहीत. पण गप्प बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. शेजारच्या खाटेवर हर्नियाचं ऑपरेशन झालेला कुणी गृहस्थ कण्हत होता, त्याच्या पायथ्याशी उभं राहून ते ओरडले, “पाहुणं, उठायचं! मॅच अजून संपल्याली न्हाय!” सिस्टरनं त्यांना बाहेर काढलं, तर ते वॉर्डच्या दारात उभे राहिले. त्यांचा स्वतःच्या बोलण्यावर खराखुरा विश्वास होता. त्यांच्या हातून जे जे झालं ते या विश्वासापायी झालं.

त्यांच्या डोक्यातून निघालेली सगळ्यांत मोठी कल्पना म्हणजे दोन संघ. स्पर्धेनं टीम पेटते, असं ते कुठल्याशा शिबिरात ऐकून आले होते. वरच्या मजल्यावरचे विक्रीवाले एक संघ, खालचे वर्कशॉपवाले दुसरा. भिंतीवर पांढरा फळा. आणि नियम असा, की ज्याचं काम त्यानं स्वतः निपटायचं; मागायला असो की द्यायला, दुसऱ्या संघाच्या दारात गेलं, की तो आपल्यावर झालेला गोल.

दुसऱ्या कुठल्या गावात हा फळा चार दिवसांत पुसला गेला असता. कोल्हापुरात त्यांनी हे करायला नको होतं. आठ दिवसांच्या आत वरच्यांनी जिन्यात आपला झेंडा लावला. खालच्यांनी तो काढून त्यानं इंजिन पुसलं. जेवणाचे डबे वेगळे झाले. रणजित आणि बाळू एकाच गल्लीतले, ते एकमेकांना फोन करायचे तेसुद्धा माझ्या काउंटरवरून, मला मध्ये घालून. कोचसाहेब फळ्यासमोर उभे राहून खूश होत होते. “बघा देशपांडे, काय ईर्षा आहे पोरांत!”

मग पाऊस लागला. सलग कोसळत राहिला, पंचगंगा पात्राबाहेर पडली आणि शिरोळकडून रोज पाणी चढल्याच्या बातम्या येऊ लागल्या. अशात एका सकाळी अप्पा मगदूम आले. शिरोळकडचे म्हातारे शेतकरी, त्यांचा ट्रॅक्टर क्लचच्या कामासाठी आमच्या वर्कशॉपमध्ये होता. काम होऊन तो उभाही होता. अप्पांच्या वस्तीभोवती पाणी आलं होतं. म्हशी, वासरं आणि घरातलं सामान काढायला ट्रॉली होती, ती ओढायला ट्रॅक्टर नव्हता. रस्ता अजून चालू होता, पण दुपारनंतरचं सांगता येणार नाही असं सगळेच म्हणत होते.

ट्रॅक्टर बाहेर काढायला गेटपास लागायचा, आणि तो वर रणजितकडं असायचा. तो आणायला खालून कुणी वर जाईना, कारण गोल झाला असता. वरून कुणी खाली येईना, कारण मग तो त्यांच्यावर झाला असता. कोचसाहेब एका हॉटेलात, दुसऱ्या कंपन्यांच्या मॅनेजरांपुढं संघभावनेवर व्याख्यान द्यायला गेले होते आणि त्यांचा फोन बंद होता. अप्पा जिन्यात मधोमध उभे राहिले, अंगावरनं पाणी ठिबकत होतं. आधी वर बघितलं, मग खाली.

“पावणं,” ते म्हणाले, कुणाला उद्देशून ते त्यांनाही माहीत नसावं. “मी कुठल्या पेठंचा त्येवढं ठरवून सांगा. तवर माझ्या म्हशी पाण्यात थांबत्यात का बघतो.”

शोभाताई टेबलावरून उठल्या. जिना चढून वर गेल्या आणि रणजितच्या समोर हात पसरून उभ्या राहिल्या.

“पास दे. आमच्यावर गोल झाला, लिही फळ्यावर. दोन लिही.”

“ताई, कोचनी सांगितलंय की खालच्या संघाला...”

“रणजित, त्या माणसाची जनावरं बुडाल्यात का न्हाई ते मला फोनवर तूच सांगणार हाईस का?”

रणजितनं पास काढला, पण सही करायला त्याचा हात थबकला. ताईंनी पेन ओढून घेतलं आणि स्वतःच्या नावानं सही केली. खाली आल्या, तर ट्रॅक्टरची किल्ली मान्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली मान्यांच्या जुडग्यात, आणि जुडग्यासकट माने बहिणीकडं रजेवर.

“तोड,” ताई बाळूला म्हणाल्या.

“ताई, कोच काय म्हनतील?”

“मला लाल कार्ड दाखवतील. तोड तू.”

बाळूनं एका घावात कुलूप उडवलं. अप्पा ट्रॅक्टरवर चढले आणि त्या पावसात निघाले. त्यानंतरचा सगळा दिवस शोभाताई फोनकडं बघत बसल्या होत्या. दुपारनंतर तिकडचा रस्ता बंद झाल्याचं कळलं. संध्याकाळी फोन वाजला. अप्पांचा आवाज इतका मोठा होता की मला माझ्या काउंटरवर ऐकू आला. “समदी निघाली, ताई! म्हसरं शाळंच्या पटांगणात बांधल्यात, कोरड्यात!” ताईंनी फोन ठेवला आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. माझेही डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी कोचसाहेबांनी सगळ्यांना गोल उभं केलं तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. “काल आपण काय केलं? काल आपण एका शेतकऱ्याचा संसार वाचवला! ही आहे माझी टीम!” वाचवणाऱ्यांत ते स्वतःला धरत होते, आणि त्यात त्यांना काहीही वावगं वाटत नव्हतं. सगळ्यांचा फोटो निघाला, मालकांना गेला, मालकांकडून शाबासकी आली. मग कोचसाहेब शोभाताईंकडं वळले आणि कपाटाच्या कुलपाबद्दल त्यांना पिवळं कार्ड दाखवलं. “भावना वेगळी, ताई. नियम म्हणजे नियम.”

ताईंनी ते कार्ड बघितलं आणि हसल्या. त्यांना अजून आशा होती. माने महिनाभरात जाणार होते.

मान्यांचा निरोपसमारंभ मालकांच्या शेतात झाला. कोल्हापुरात निरोप म्हणजे मटण, स्वागत म्हणजेही मटण. चुलीवर पांढऱ्या आणि तांबड्या रश्श्याचं पातेलं चढलेलं असलं की प्रसंग कुठला हे नंतर बघितलं जातं. शोभाताई नवी साडी नेसून आल्या होत्या. घरी सांगून आल्या होत्या, मुलीनं सकाळी त्यांच्या पाया पडून पेढा भरवला होता. हे त्यांनीच मला येताना गाडीत सांगितलं. मालक खाटेवर बसले. मान्यांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडून कोचसाहेबांच्या हातात दिला. शिट्टी वाजली.

“मालक मला म्हणाले, विश्वासराव, तुमची टीम आहे, तुम्हीच ठरवा,” कोचसाहेबांनी सुरुवात केली. “मी फार विचार केला. शोभाताई हे या टीमचं काळीज आहे.” टाळ्या झाल्या. ताईंनी पदर सारखा केला. “त्यांच्याइतकं तक्रारीचं टेबल कुणी सांभाळू शकत नाही. कुणीच नाही. म्हणूनच त्यांना तिथून हलवण्याची चूक मी करणार नाही. गोलकीपर पुढं येत नसतो. गोलकीपर पुढं आला की गोल मोकळा पडतो. तेव्हा सर्व्हिस विभागाची जबाबदारी मी स्वतः घेतोय. मोठमोठ्या संघांत कोच स्वतः मैदानात उतरतो. मीही उतरणार!”

आणि त्यांनी तो जुडगा शिट्टीच्या दोरीत ओवून गळ्यात घातला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मालक आपले पान जुळवत होते. बाळूनं जमिनीकडं बघितलं. कोचसाहेबांना एवढं कळलं की काहीतरी कमी पडलंय. ते घाईघाईनं पुढं झाले, खिशातून पिवळा पट्टा काढला आणि शोभाताईंच्या हातात ठेवला. “ताई, आजपासून हा कायमचा तुमचा.” त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

शोभाताईंनी पट्टा घेतला. चुलीवर तांबडा रस्सा उतू जायला आला होता. त्या चुलीशी गेल्या, पट्टा दोन पदरी केला, त्यानं पातेल्याचा तापलेला काठ धरला आणि पातेलं खाली उतरवलं.

“बरा झाला हा,” त्या म्हणाल्या. “हात पोळत न्हाई.”

मग त्यांनी सगळ्यांना वाढलं. कोचसाहेबांना दोनदा आग्रह केला. पट्टा रश्श्यानं लाल झाला होता, तो त्यांनी तिथंच दगडावर वाळत टाकला आणि येताना उचलला नाही.

रस्त्याच्या पलीकडं दुसऱ्या कंपनीची एजन्सी नुकतीच उघडली होती. महिना उलटला आणि शोभाताई तिथं सर्व्हिस मॅनेजर झाल्या. पहिल्या दिवशी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मला खिडकीतून, रस्त्यापलीकडून, हात उंच करून दाखवला. पाठोपाठ बाळू गेला. मग वर्कशॉपची पोरं. मग, मजा म्हणजे, रणजित. आणि तो आणि बाळू तिथं एकाच डब्यात जेवू लागले. शेवटी मीही लाइन ओलांडली.

आमच्या नव्या खिडकीतून जुनं शोरूम स्वच्छ दिसायचं. कोचसाहेब खेळाडू झाले होते. तक्रारी घ्यायला माणूस नाही, दुरुस्तीला मिस्त्री नाही, किल्ल्या गळ्यात. सकाळी ठरल्या वेळी शिट्टी ऐकू यायची. दोन ट्रॅक्टरच्या मधे ते हात पुढं करून उभे असायचे, पालथा, वर कुणीतरी हात ठेवेल म्हणून. धोंडिबा इकडंतिकडं बघून, काठी काखेत मारून, आपला हात ठेवायचा. “कोण जिंकणार?” धोंडिबाचं उत्तर रस्त्याच्या आवाजात ऐकू यायचं नाही. आमची पोरं खिडकीत जमून हसायची. शोभाताई एकदा म्हणाल्या, “हसा, पर गाड्या संपवून हसा.”

उन्हाळ्याच्या तोंडाला मालकांनी कोचसाहेबांना बदललं. खेळाडू बदलतात तसंच, फक्त नंबरचा फलक न दाखवता.

आणि पुढच्या पावसाच्या आधी, एका सकाळी, ते आमच्या एजन्सीत आले. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. तेच पळायचे बूट, शर्टाची इस्त्री मात्र घरची दिसत होती. शिट्टी गळ्यात होती. आत निरोप गेला होता, तरी ताई हातातलं काम संपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. ते बसून राहिले. बाकावर बसून राहायची त्यांना सवय होती, आणि हा विनोद मला सुचला त्या क्षणीच मला स्वतःची लाज वाटली.

शोभाताई आल्या. कोचसाहेब उठून उभे राहिले.

“ताई, तुमच्या टीमला... म्हणजे माझा एवढा अनुभव आहे. मी टीम बांधू शकतो.”

“टीम बांधल्याली हाय कोच,” ताई म्हणाल्या. “तक्रारीच्या टेबलावर माणूस न्हाई माझ्याकडं. कुणी टिकत न्हाई. शिव्या खाव्या लागत्यात.”

त्यांनी त्या रिकाम्या टेबलाकडं पाहिलं.

“आणि किल्ल्या?” त्यांनी विचारलं.

“किल्ल्या माझ्याकडं. पर तुम्ही मागितल्या की मी देईन. मला कुणी देत नव्हतं, म्हणून सांगते.”

त्यांनी मान हलवली. ताईंनी हात पुढं केला, तळवा वर. कोचसाहेबांना वाटलं असावं की हात ठेवायचाय; त्यांनी आपला हात उचललाही. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि त्या तळव्यावर ठेवली. ताईंनी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि वर्कशॉपमध्ये निघून गेल्या.

कोचसाहेब टेबलाशी बसले. खुर्ची पुढं ओढली, फोन सरळ केला, वरच्या खिशाला हात लावून बघितला. तिथं काही नव्हतं. फोन वाजला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, त्या नजरेत खरोखरची भीती होती. फोन वाजत राहिला. पलीकडं कुणीतरी शेतात बंद ट्रॅक्टरजवळ उभा असणार, आणि पेरणी तोंडावर होती.

मी काउंटरवरून वाकून म्हणालो, “कोचसाहेब, बॉल आला.”

त्यांनी दोन्ही हातांनी फोन उचलला.